परदेशी गेलेल्या पोराचा कर, पासपोर्ट आणि वावर

दिवाळीच्या आठ दिवस आधीपासून माझ्या दुकानातली गर्दी बदलते. एरवी येतात ते संत्र्याचे व्यापारी, कृषी केंद्रवाले, शाळेतले मास्तर. दिवाळीत येतात बाप-लेक. लेक मस्कतहून, ह्यूस्टनहून किंवा आता नव्यानं जर्मनीहून आलेला, आणि बापाच्या हातात कापडी थैली. थैलीत सातबारा, बँकेचं पासबुक, एलआयसीच्या पावत्या आणि सगळ्यात खाली घडी करून ठेवलेली आयकर खात्याची नोटीस. अमरावती जिल्ह्यातल्या वरुडात तीस वर्षं रिटर्न भरून देतोय, त्यामुळे पहिला प्रश्न मला पाठ आहे. "भाऊ, पोरगं तं तिकडं टॅक्स भरते, मंग इथं काऊन भरा लागते?"

याला एका वाक्यात उत्तर देता येत नाही, कारण यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. आयकर खातं दिवस मोजतं. बँकेला लागू असलेला फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, तुम्ही कशासाठी गेलात ते पाहतो. नागरिकत्वाचा कायदा पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे एवढंच विचारतो. एकच पोरगा एकाच दिवशी आयकरासाठी निवासी, बँकेसाठी अनिवासी आणि नागरिकत्वानं पक्का भारतीय असू शकतो. 'एनआरआय' हा शब्द आपण तिन्ही ठिकाणी सरसकट वापरतो आणि बहुतेक घोळ तिथेच होतात. म्हणून पुढे वाचताना दर वेळी हे कोणत्या खिडकीवरचं काम आहे, ते स्वतःला विचारत चला.

एक खुलासा आधीच करतो. १९६१ चा आयकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला आहे. कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदलले, म्हणून मी इथे नंबर देत बसत नाही. नियमांचा गाभा तोच आहे.

निघण्याआधी गावातच उरकायची कामं

पहिलं काम नावाचं. टी.सी.वर एक नाव, आधारवर दुसरं, पासपोर्टवर बापाचं नाव मधे घुसलेलं, असं आपल्याकडे दर तिसऱ्या घरात असतं. नोकरीच्या व्हिसाला ते कसंबसं खपून जातं. पण दहा वर्षांनी तिकडचं नागरिकत्व मागताना जन्माचा दाखला पुढे ठेवावा लागतो आणि तेव्हा एका वेलांटीसाठी माणूस विमानाचं तिकीट काढून गावी येतो. जन्म ग्रामपंचायतीत नोंदलेला नसेल तर जुन्या कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची) नक्कल आणि शाळेचा दाखल-खारीजचा उतारा काढून ठेवा. एक वर्षाहून जास्त उशीर झालेली जन्मनोंद दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही, त्यामुळे हे काम व्हिसा लागल्यावर हाती घेऊ नका. दाखल्यावर आधी राज्य शासनाची आणि मग परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल मोहोर (कागद खरा असल्याची परदेशासाठीची खूण) घेतली की अमेरिकेत तो चालतो. जर्मनी मात्र भारताचं अपोस्टिल मानत नाही, तिथे काय लागतं ते जर्मन वकिलातीला विचारा. दुबईलाही अपोस्टिल चालत नाही. तिथे त्यांच्या वकिलातीचा शिक्का लागतो.

दुसरं, मुखत्यारपत्र. वावराचा, म्हणजे शेताचा फेरफार, पीककर्ज, दुकानाचा भाडेकरार, कशालाही सही लागते. जाण्याआधी दुय्यम निबंधकासमोर भाऊ किंवा वडिलांच्या नावानं नोंदणीकृत मुखत्यारपत्र करून दिलं तर अर्धा दिवस जातो. तिकडे गेल्यावर तेच करायचं म्हणजे भारतीय वकिलातीची वेळ घ्या, साक्षांकन करा, कुरिअरनं पाठवा आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरा. त्या तीन महिन्यांचा विसर पडला की कागद पडून राहतो. फक्त 'सर्व अधिकार' असं मोघम लिहू नका. गट नंबर, कोणतं काम, विकायचा अधिकार आहे की नाही, हे स्पष्ट लिहा. भावावर विश्वास असला तरी लिहा. भाऊच बरा म्हणेल.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असतं. त्यांना आखाती देशांत कामाला जाताना सरकारची वेगळी परवानगी लागते, ती ई-मायग्रेट पोर्टलवरून निघते. एजंट म्हणतो, 'टुरिस्ट व्हिसावर चला, तिकडं गेल्यावर बदलून देतो.' त्याला चहा पाजून घरी पाठवा.

बचत खातं

कामासाठी देश सोडला की फेमाच्या लेखी तुम्ही त्या दिवसापासून अनिवासी. इथे १८२ दिवसांची वाट कोणी पाहत नाही. शिकायला गेलेला पोरगाही यात येतो, हे अनेकांना ठाऊकच नसतं. अनिवासी माणसाला साधं बचत खातं ठेवता येत नाही. ते एनआरओ करून घ्यावं लागतं.

दोन खाती लक्षात ठेवा. एनआरओ हे इकडच्या पैशाचं: भाडं, पेन्शन, वावर विकल्याचे पैसे. यावरच्या व्याजावर बँक पहिल्या रुपयापासून ३१.२ टक्के कापते आणि कर भरून झाल्यावर वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. एनआरई हे तिकडून पाठवलेल्या कमाईचं: व्याज भारतात करमुक्त, आणि पैसे वाटेल तेव्हा परत नेता येतात. तिकडचा पगार एनआरओमध्ये पाठवला तर फुकट व्याजावर कर लावून घेतला, आणि इकडचं भाडं एनआरईमध्ये टाकायला गेलात तर बँक अडवेल.

तालुक्याच्या शाखेत हे काम मागायला गेलात तर काय होतं ते माझ्या डोळ्यांदेखतचं सांगतो. माझ्या भाच्याला घेऊन मी स्वतः गेलो होतो. काउंटरवरच्या पोरानं फॉर्म उलटून पाहिला, मॅनेजरकडे गेला, परत आला आणि म्हणाला, "हे तं आमच्याकडं कधी झालंच नाई जी. खातं राहू द्या नं जसं हाय तसं, कोण पाहते?" आयकर खातं पाहतं. त्या बचत खात्यावर वर्षानुवर्षं निवासी म्हणून व्याज जमा होत राहतं आणि रिटर्नमध्ये तुम्ही अनिवासी लिहिलेलं असतं. ही विसंगती संगणकाला दिसते. शेवटी लेखी अर्ज दिला, पोच घेतली आणि खातं जिल्ह्याच्या शाखेतून बदललं. तुम्हीही पोच घ्या.

पीपीएफ चालू असेल तर मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं. अनिवासी झाल्यावर नवं उघडता येत नाही, आणि पोस्टाच्या नव्या बचत योजनाही बंद. पॅन आधारशी जोडण्याची सक्ती अनिवासींना नाही, पण पोर्टलवर आपण अनिवासी आहोत हे नोंदवलं नसेल तर पॅन निष्क्रिय होऊन बसतं. एवढं एक काम पोरानं स्वतः तिकडून मोबाइलवर करावं.

दिवस मोजा

आयकराचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. या वर्षात १८२ किंवा जास्त दिवस भारतात काढले तर निवासी. त्याशिवाय एक आडवळणाचा नियम आहे: वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस इथे असाल तरी निवासी. नोकरीसाठी भारत सोडणाऱ्या नागरिकाला मात्र या ६० च्या जागी १८२ दिवस मिळतात. म्हणून नोकरीवाल्यासाठी हिशेब सोपा होतो. २८ सप्टेंबरपर्यंत विमानात बसलात तर इथले दिवस १८१ भरतात आणि त्या वर्षी तुम्ही अनिवासी. दसरा करून निघालात तर बहुतेक वेळा निवासी, आणि मग मार्चपर्यंतचा तिकडचा पगारसुद्धा इथल्या रिटर्नमध्ये दाखवावा लागतो, तिकडचं बँक खातंही. मस्कतचा पगार असेल तर तिकडे कर भरलेला नसतो, त्यामुळे वजावटीला हाताशी काही नसतं. आईला वाईट वाटेल, पण तिकिटाची तारीख ठरवताना हे बघा.

शिकायला जाणाऱ्याला ही १८२ ची सवलत कायद्यात लिहिलेली नाही. ऑगस्टमध्ये मास्टर्सला गेलेला पोरगा बँकेच्या खिडकीवर अनिवासी आणि आयकराच्या खिडकीवर त्या वर्षापुरता निवासी. वर म्हटलं ते हेच.

सुटीवर येणाऱ्यांचेही दिवस मोजले जातात. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या आत असेल तर १८१ दिवस बिनघोर राहा. त्याच्या वर असेल तर मर्यादा १२० दिवसांवर येते. याच १५ लाखांशी जोडलेला आणखी एक नियम आहे: कुठल्याच देशात कर लागत नाही अशा भारतीय नागरिकाला भारत निवासी मानतो. २०२० मध्ये हा नियम आला तेव्हा आखातातल्या मजुरांच्या घरी घबराट झाली होती. इकडे १५ लाखांवर उत्पन्न नसेल तर हा नियम तुम्हाला शिवत नाही आणि तुमच्या तिकडच्या मजुरीवर इथे कर नाही.

आल्या-गेल्याचे शिक्के असलेली पासपोर्टची पानं दरवर्षी मार्चमध्ये मोबाइलवर फोटो काढून ठेवा. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस भारतात धरा. पुढे भांडण झालंच तर हेच पुरावे.

इकडचं रिटर्न

अनिवासी माणसाच्या फक्त भारतातल्या उत्पन्नावर इथे कर लागतो. तिकडचा पगार दाखवायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण खरी मेख भाड्यात आहे, म्हणून एक उदाहरण पूर्ण सोडवतो.

समजा पोरगा मस्कतला आहे आणि नागपूरचं दुकान त्याच्या नावावर आहे. भाडं महिना ५०,००० रुपये, वर्षाचं ६ लाख. दुसरं काही उत्पन्न नाही. भाड्यातून ३० टक्के ठोक वजावट मिळते, म्हणजे १,८०,००० गेले, राहिले ४,२०,०००. नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही. उरलेल्या २०,००० वर ५ टक्के म्हणजे १,००० आणि त्यावर ४ टक्के उपकर. एकूण कर १,०४० रुपये.

आता भाडेकरूचं कर्तव्य बघा. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूनं दर महिन्याला ३१.२ टक्के कापून सरकारजमा करायचे. इथे किमान मर्यादा नाही, पहिल्या महिन्यापासून. म्हणजे महिन्याला १५,६०० आणि वर्षाचे १,८७,२००. कर होता १,०४०! बाकीचे १,८६,१६० रिटर्न भरून परत मागायचे. मी दोन्ही टोकं पाहिली आहेत: भाडेकरूनं काहीच कापलं नाही आणि नोटीस भाडेकरूला आली, किंवा मालकानं रिटर्नच भरलं नाही आणि पैसे सरकारकडे पडून राहिले. आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आधीच काढून भाडेकरूला देणं हा यावरचा कायदेशीर उपाय. कटकट आहे, पण पावणेदोन लाखांच्या वर अडकण्यापेक्षा बरी.

दुसरी मेख पेपरातल्या मथळ्याची. '१२ लाखांपर्यंत कर नाही' असं तुम्ही २०२५ मध्ये वाचलं असेल. ती १२ लाखांची गोष्ट ज्या सवलतीवर उभी आहे ती फक्त निवासींना मिळते. अनिवासीला ४ लाखांच्या वर कर सुरू. जुन्या पद्धतीत ज्येष्ठ नागरिकांना मिळणारी जादा सूटही अनिवासी आजोबांना नाही. रिटर्नचा साधा एक पानी फॉर्म अनिवासीला चालत नाही. पोराचं रिटर्न शेजारच्या मास्तरांच्या रिटर्नसारखं भरून देणारे आमच्या धंद्यात आहेत. त्यांना विचारा, निवासाच्या रकान्यात काय भरलं.

प्लॉट किंवा फ्लॅट विकताना असाच सापळा. गावात सगळ्यांना पाठ असतं की ५० लाखांच्या वर व्यवहार असेल तर एक टक्का कापायचा. तो नियम विकणारा निवासी असेल तेव्हाचा. विकणारा अनिवासी असेल आणि मालमत्ता दोन वर्षांहून जुनी असेल तर १२.५ टक्के आणि वर उपकर. कमी कपातीचं प्रमाणपत्र नसेल तर घेणारा ते पूर्ण किमतीवर कापतो. नफा किती झाला हे तो बघत बसत नाही. ४० लाखांच्या प्लॉटवर ५,२०,००० कापले जातात, मग नफा ८ लाखच झालेला असो. सौद्याच्या दोन-तीन महिने आधी प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. इसार झाल्यावर धावपळ करून ते हाती येत नाही.

तिकडचा कर

आखातात पगारावर वैयक्तिक आयकर नाही, तेव्हा हा भाग त्यांनी सोडून दिला तरी चालेल.

जर्मनीकडे आपल्या भागातली पोरं आता निघाली आहेत. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून जर्मन भाषेच्या शिकवण्या तालुक्यापर्यंत पोचल्या. तिथे उतरल्यावर घराचा पत्ता पालिकेत नोंदवावा लागतो. त्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. आपली पोरं चर्च दिसलं म्हणून सहज काहीतरी खूण करतात आणि मग आयकराच्या ८ टक्के एवढा चर्चकर पगारातून कटत राहतो. बहुतेक बाकीच्या राज्यांत तो ९ टक्के आहे. चर्चचे सभासद नसाल तर तसं लिहा. त्यानंतर ११ आकडी करक्रमांक पोस्टानं येतो. आमच्या गल्लीतल्या एका पोराचा तो आलाच नाही, कारण टपालपेटीवर घरमालकाचंच नाव होतं आणि तिकडचा पोस्टमन पेटीवरचं नाव बघून पत्र टाकतो. आपल्यासारखं 'पांडुरंगाचा पोरगा का? देतो त्याले' असं तिकडे चालत नाही. करक्रमांक नसल्यानं त्याच्या पगारातून काही महिने जास्तीत जास्त दरानं कर कापला गेला. नंतर परत मिळाला. बायको गावी असेल तर विवाहितांचा कमी कपातीचा वर्ग मिळत नाही, हेही आधीच माहीत असू द्या. वर्षाच्या मधे गेलेल्यांनी तिकडचं रिटर्न भरावंच, बहुधा पैसे परत मिळतात आणि त्यासाठी चार वर्षांची मुदत असते.

अमेरिकेचा मामला मात्र सावकारी आहे. शिकायला गेलेला एफ-१ व्हिसाचा पोरगा पहिली पाच कॅलेंडर वर्षं तिकडच्या कराला सहसा अनिवासी असतो. त्यानं अनिवासींचा १०४०-एनआर फॉर्म भरायचा, आणि कमाई शून्य असली तरी ८८४३ हा कागद पाठवायचा. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, जे इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. सॉफ्टवेअर हे विचारत नाही, पोरानं विचारावं.

नोकरी लागून एच-१ बी हा कामाचा व्हिसा झाला, तिकडे राहिल्याचे ठरलेले दिवस भरले, किंवा ग्रीन कार्ड मिळालं, की तिथून पुढे जगातल्या सगळ्या उत्पन्नावर अमेरिका हक्क सांगते. एनआरईचं व्याज इथे करमुक्त, तिथे करपात्र. संत्र्याच्या आंबिया बहाराचे पैसे पोराच्या वाट्याला येत असतील तर तेही. भारतात शेतीउत्पन्नावर कर नाही, हे अमेरिकेला सांगून उपयोग नाही. वर परदेशी खात्यांची माहिती वेगळी द्यावी लागते. सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी एफबार नावाचा हा माहितीचा फॉर्म भरायचा. आता आपल्या घरची पद्धत आठवा. बाप म्हणतो, "माह्या मांगं त्रास नको," आणि आपल्या ठेवीत, जिल्हा बँकेच्या खात्यात पोराचं नाव घालून ठेवतो. पोराला पत्ताही नसतो. कापूस-तुरीचे पैसे आले, ठेवी मोडल्या, कर्ज आलं, रक्कम ओलांडली. खातं बापाचं असलं तरी पोराचं नाव किंवा सहीचा अधिकार आहे, म्हणजे ते मोजायचं. एफबारवर कर नसतो, पण न भरल्याचा दंड दहा हजार डॉलरच्या पुढे जाऊ शकतो. म्हणून माझं घरच्यांना सांगणं: ठेवीत पोराला वारस म्हणून नामनिर्देशित करा, सहखातेदार करू नका.

दोन्ही देशांत एकाच कमाईवर कर लागत असेल तर भारताचे अमेरिका, जर्मनी, अमिरात आणि इतर अनेक देशांशी करार आहेत. त्यांचा फायदा घ्यायला तिकडच्या कर खात्याचं निवासी प्रमाणपत्र लागतं. ते आपोआप येत नाही, दरवर्षी मागून घ्यावं लागतं.

वावर

आता ज्यासाठी थैली उघडलेली असते तो विषय.

अनिवासी झालात किंवा परदेशी नागरिक झालात, म्हणून आधीचं वावर कोणी काढून घेत नाही. वडिलोपार्जित वाटा, वारस नोंद, सगळं जागेवर राहतं. परदेशी पासपोर्टवाला पोरगाही वडिलांमागं वारस म्हणून सातबाऱ्यावर चढतो. तलाठ्यानं, म्हणजे आता पाटीवर लिहितात त्या ग्राम महसूल अधिकाऱ्यानं, 'फॉरेनचा माणूस चढत नाही' असं म्हटलं तर अर्ज लेखी द्या आणि नकार लेखी मागा. बहुधा नकार लिहायची वेळ येत नाही.

बंदी आहे ती नवं विकत घेण्यावर. अनिवासी माणसाला शेतजमीन, मळा आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही, पासपोर्ट भारतीय असला तरी. नागपुरात फ्लॅट घ्या, वरुडात अकृषक प्लॉट घ्या. शेजारचं चार एकर वावर स्वस्तात मिळतंय म्हणून पोरानं तिकडून पैसे पाठवायचे आणि स्वतःच्या नावानं खरेदी करायची, हे जमणार नाही. वडिलांनी आपल्या नावानं घेतलं तर गोष्ट वेगळी.

विकताना घेणारा भारतात राहणारा भारतीय नागरिक हवा. शिवाय आपल्याकडे विदर्भासाठीचा १९५८ चा वेगळा कुळकायदा लागू आहे आणि त्यात परवानगीशिवाय बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकता येत नाही. दोन्ही अटी घरातला भाऊ सहज पुऱ्या करतो, म्हणून अशी वावरं बहुधा भावाकडेच जातात. बक्षीसपत्र किंवा हक्कसोडपत्र करायचं असेल तर वरचंच मुखत्यारपत्र कामी येतं, त्यात तसा अधिकार लिहिला असेल तर.

कराचं बोलायचं तर ग्रामीण शेतजमीन विकल्यावर भारतात भांडवली नफ्याचा कर लागत नाही. पण 'ग्रामीण' म्हणजे काय? लोकसंख्या १०,००० ते १ लाख असलेल्या नगरपालिकेच्या हद्दीपासून २ किलोमीटरच्या बाहेर, १ ते १० लाखांच्या शहरापासून ६ किलोमीटरच्या बाहेर, आणि १० लाखांवरच्या शहरापासून ८ किलोमीटरच्या बाहेर. अंतर हवाई मोजायचं, रस्त्यानं नाही. वरुडला २ किलोमीटर लागतात, अमरावतीला ६, नागपूरला ८. अमरावतीच्या हद्दीला लागून असलेलं वावर सातबाऱ्यावर जिरायती असलं, त्यात तूर उभी असली, तरी आयकराच्या लेखी ते शहरी. सौद्याआधी तहसीलकडून अंतराचा दाखला घ्या. अमेरिकेत राहणाऱ्यानं आणखी एक करावं: वडील वारले त्या तारखेचा जमिनीचा बाजारभाव नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून लिहून घ्यावा. तिकडे नफा त्या भावापासून मोजतात, आणि वीस वर्षांनी तो भाव आठवायला गावात कोणी नसतं.

शेवटचं, पीएम किसान. अनिवासी माणूस या योजनेतून वगळलेला आहे, आणि आयकर भरणाराही. पोराच्या नावावर वावर आहे, दर चार महिन्यांनी २,००० येतात, कोणी विचारत नाही, असं म्हणून ते चालू ठेवलेली घरं मला माहीत आहेत. वसुली आली की सगळे हप्ते एकदम मागतात. नाव कमी करायचा अर्ज पोर्टलवरच आहे.

मूल झालं, मग पासपोर्ट

ग्रीन कार्ड, जर्मनीचा कायम निवास, दुबईचा गोल्डन व्हिसा, यातलं काहीही नागरिकत्व नाही. पासपोर्ट भारताचाच राहतो आणि मतदानाचा हक्कही. परदेशातल्या मतदारासाठी ६-ए हा अर्ज आहे. मत द्यायला मात्र मूळ पासपोर्ट घेऊन गावच्या केंद्रावर स्वतः यावं लागतं.

मुलांच्या बाबतीत घाई करा. भारतीय आईबापांचं मूल बाहेर जन्मलं तर एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्म नोंदवायचा, आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यायचं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. मस्कतला किंवा नुकतेच गेलेल्यांच्या घरी जर्मनीत जन्मलेल्या बाळाला तो देश नागरिकत्व देत नाही, त्यामुळे ही नोंद राहिली तर बाळ कोणत्याच वहीत नाही. आजी पाळणा सजवून बसते आणि बाळाला पासपोर्ट नाही म्हणून बारसं व्हिडिओ कॉलवर होतं, हे मी पाहिलं आहे.

मोठ्यांसाठी नियम कडक आहे. आपल्या राज्यघटनेत दुहेरी नागरिकत्व नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं त्या दिवशी भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं, कपाटातल्या पासपोर्टची मुदत २०३२ पर्यंत असली तरी. जर्मनीनं जून २०२४ पासून जुनं नागरिकत्व ठेवायला मुभा दिली आहे. ती जर्मनीची मुभा, भारताची नाही. 'एका पासपोर्टवर तिकडं, एका पासपोर्टवर इकडं' हा गुन्हा आहे आणि विमानतळावर पकडला जातो. क्रम असा ठेवा: नवा पासपोर्ट हाती आला की भारतीय पासपोर्ट वकिलातीत जमा करून नागरिकत्व सोडल्याचं प्रमाणपत्र घ्या, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचा अर्ज करा. त्या प्रमाणपत्राशिवाय ओसीआय पुढे सरकत नाही. कार्ड येईपर्यंत भारतात यायला व्हिसा लागतो, म्हणून घरात आजारी माणूस असेल तर शपथविधीची तारीख विचार करून घ्या.

ओसीआय म्हणजे जन्मभराचा व्हिसा. नावात 'सिटिझन' आहे म्हणून फसू नका: मत नाही, सरकारी नोकरी नाही, निवडणूक नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पॅन तोच राहतो, एनआरओ-एनआरई खाती तीच राहतात, फक्त बँकेला नवा पासपोर्ट आणि ओसीआय दाखवायचं. गावच्या मतदार यादीतून आणि रेशन कार्डातून नाव मात्र आपणहून कमी करा. निवडणुकीच्या गावकीत कोण कधी तक्रार करील सांगता येत नाही.

परत येताना

कायमचं परत आलात की एनआरओ, एनआरई खाती लगेच निवासी करून घ्यायची. डॉलर डॉलरमध्येच ठेवायचे असतील तर आरएफसी खातं मिळतं. आयकराच्या खिडकीवर थोडी उसंत आहे. आधीच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी होतात, किंवा आधीच्या सात वर्षांत भारतात ७२९ किंवा कमी दिवस काढले, तर सुरुवातीची दोन-तीन वर्षं तुम्ही 'निवासी पण सामान्यतः निवासी नाही' या मधल्या वर्गात बसता आणि तिकडच्या ठेवींच्या व्याजावर इथे कर लागत नाही. ही वर्षं संपली की तिकडचं प्रत्येक खातं, पेन्शन फंड, शेअर रिटर्नच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायचे, त्यातून एक पैसा आला नसला तरी. न दाखवल्याचा दंड १० लाख रुपये. ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला हा दंड माफ केला आहे, पण दाखवणं माफ नाही. तक्त्यातले आकडे जानेवारी ते डिसेंबरचे लागतात, एप्रिल ते मार्चचे नाही. तेव्हा तिकडून निघताना बँकेची डिसेंबरअखेरची स्टेटमेंट छापून थैलीत टाकून आणा.